कौटुंबिक क्रीडाचिकित्सा

मुलाच्या भावनिक अथवा वर्तनविषयक अडचणींवर खेळाच्या माध्यमातून करावयाच्या उपचारपद्धतीस क्रीडाचिकित्सा म्हणतात. हे उपचार चिकित्सक स्वतः न करता मुलाच्या आईवडिलांना त्यांचे शिक्षण देऊन त्यांच्याकरवी करवितो, किंवा पालक व मूल यांना आपल्या देखरेखीखाली एकत्र खेळावयास लावतो, तेव्हा त्यांस कौटुंबिक क्रीडाचिकित्सा अशी संज्ञा देता येईल. तीत उपचाराचा विषय एकटे मूल नसून मूल आणि पालक यांमधील नाते हा असतो. तिच्या सर्वांत प्रसिद्ध शाखेला ‘फिलियल थेरपी’ असे नाव असून ते ‘पुत्र’ व ‘कन्या’ या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून आलेले आहे.

आईने वा वडिलांनी मुलाशी खेळावे, ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे की तीत चिकित्सा ती कोणती, असा प्रश्न पडावा. तथापि क्रीडाचिकित्सेच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत पालक बहुतेक वेळा खेळाच्या खोलीच्या दाराबाहेरच राहिला. मुलाचे दुखणे घरातून येते, तेव्हा घराला उपचारापासून दूर ठेवणेच इष्ट, असा समज त्यामागे होता. पालकाला त्या खोलीत पुन्हा प्रवेश कसा मिळाला, हाच या पद्धतीच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

योगायोगाची गोष्ट अशी, की बालकाच्या मनोविश्लेषणाची पहिली प्रसिद्ध हकीकत पित्याने केलेल्या उपचाराचीच आहे. व्हिएन्नातील संगीतसमीक्षक माक्स ग्राफ हे सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या बुधवारी भरणाऱ्या अभ्यासमंडळाचे सदस्य होते. १९०८ च्या आरंभी त्यांच्या सुमारे पाच वर्षांच्या मुलास घोड्यांची विलक्षण भीती वाटू लागली. घोडा चावेल, गाडीला जुंपलेला घोडा कोसळेल, या भयाने तो रस्त्यावर जाईनासा झाला. वडिलांनी मुलाचे बोलणे, स्वप्ने व खेळ यांची टिपणे करून ती फ्रॉइड यांना द्यावीत आणि त्यांच्या सल्ल्याने मुलाशी बोलावे, असा क्रम काही महिने चालला. उपचाराच्या काळात फ्रॉइड यांनी मुलास प्रत्यक्ष तपासले ते एकदाच. १९०९ मध्ये ‘छोटा हान्स’ या टोपणनावाने ही हकीकत प्रसिद्ध करताना, पित्याचा व वैद्याचा अधिकार एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्यामुळेच हा उपचार शक्य झाला, असे मत त्यांनी नोंदविले. मुलाची भीती ओसरली. पुढे १९२२ मध्ये तो एकोणीस वर्षांचा तरुण म्हणून फ्रॉइड यांना भेटला, तेव्हा त्याला यांपैकी काहीही आठवत नव्हते. ही टिपणे आज वाचताना मात्र एक गोष्ट खटकते, ती म्हणजे वडिलांची अखंड प्रश्नावली. मुलगा स्वतः घोडा होऊन दुडक्या चालीने पळतो, वडिलांना चावतोदेखील. पण हा खेळ केवळ पुरावा म्हणून नोंदविला जातो. त्यात सामील होणे हाही उपचाराचा भाग असू शकेल, ही कल्पना तेव्हा कोणास सुचलेली नव्हती.

खेळाचा उपचारासाठी हेतुपुरस्सर उपयोग प्रथम व्हिएन्नाच्याच हेर्मीने हूग-हेलमूट (१८७१–१९२४) यांनी केला. १९२० मध्ये हेग येथील मनोविश्लेषकांच्या परिषदेत त्यांनी बालविश्लेषणाच्या तंत्रावर निबंध वाचला. आपल्या स्वतःच्या मुलाचे विश्लेषण कोणासही नीट करता येणार नाही, असे त्यांनी त्यात ठामपणे म्हटले. मूल आपल्या अंतरंगातील इच्छा आईवडिलांपुढे उघड करीत नाही आणि आईवडिलांनाही त्या ऐकवत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या भाच्याच्या बालपणाची निरीक्षणे त्यांनी आपल्या लेखनात वापरली होती व ज्याचा सांभाळही त्यांनी केला होता, त्याच्याच हातून १९२४ मध्ये त्यांचा खून झाला. या घटनेचा बालविश्लेषणाच्या विरोधकांनी बराच गवगवा केला. तो अन्याय्य होता, परंतु बालविश्लेषक पुढे बरीच वर्षे सावध राहिले, हे समजण्यासारखे आहे.

मेलनी क्लाइन (१८८२–१९६०) यांच्या बाबतीत हा विरोधाभास अधिकच ठळक आहे. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध नाव बदलून लिहिलेला असला, तरी तो त्यांच्या स्वतःच्या मुलाविषयीचा होता. पुढे त्या बर्लिनमध्ये व १९२६ पासून लंडनमध्ये काम करू लागल्या. मुलाचा खेळ हा प्रौढाच्या मुक्त साहचर्यासारखाच असून त्यावरून अबोध मनातील कल्पनांचा अर्थ लावता येतो, हा त्यांचा सिद्धांत होय. १९२३ मध्ये पावणेतीन वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी तिच्या घरी, तिच्याच खेळण्यांच्या साहाय्याने उपचार केले. त्या अनुभवावरून, हे काम मुलाच्या घरी करू नये, असा निष्कर्ष त्यांनी काढला. घरातले वातावरण व आईची संमिश्र भावना उपचाराच्या आड येते, असे त्यांस वाटले. यानंतर प्रत्येक मुलाची लहान लहान खेळणी त्याच्या स्वतंत्र कुलूपबंद खणात ठेवण्याची त्यांची सुप्रसिद्ध प्रथा सुरू झाली. खणाची किल्ली चिकित्सकाकडे असे, आणि त्या खणात काय चालते, हे आईस कळण्याचे कारण नव्हते.

ॲना फ्रॉइड (१८९५–१९८२) यांची भूमिका वेगळी होती. मूल आईवडिलांवर प्रत्यक्ष अवलंबून असते, त्याची सदसद्विवेकबुद्धीही अजून त्यांच्यापासून स्वतंत्र झालेली नसते; म्हणून आईवडिलांच्या सहकार्याविना उपचार टिकणार नाहीत, असे त्यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. खेळ त्यांच्या मते मुलाचा विश्वास संपादन करण्याचे साधन होता. दोघींमधील हा वाद ब्रिटिश मनोविश्लेषकांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकोपास गेला. त्याचा तपशील येथे प्रस्तुत नाही. पालकांचे महत्त्व ॲना फ्रॉइड यांनी मान्य केले, तरी त्यांच्या पद्धतीतही पालक हा माहिती देणारा व सहकार्य करणारा होता, उपचार करणारा नव्हता, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात बालमार्गदर्शन चिकित्सालयांचा प्रसार झाला. त्यांतील कामाची विभागणी लवकरच ठरून गेली. मनोविकारतज्ज्ञाने मुलास पाहावे, मानसशास्त्रज्ञाने कसोट्या घ्याव्यात आणि सामाजिक कार्यकर्तीने आईशी बोलावे, अशी ती व्यवस्था होती. याच चळवळीतून भारतातील पहिले बालमार्गदर्शन चिकित्सालय १९३७ मध्ये मुंबईस, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात (नंतरची टाटा समाजविज्ञान संस्था) सुरू झाले. मायलेकरे एकाच दाराने आत येत आणि दोन वेगवेगळ्या खोल्यांत जात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयातील जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी १९४९ मध्ये कुटुंबीयांच्या एकत्रित मुलाखतीचा पुरस्कार केला. तो अपवाद होता आणि त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान नव्हते.

ही फारकत निरुपद्रवी नव्हती. आई ही मुलाच्या आजाराचे कारण आहे, या समजुतीस तिने शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आत्ममग्नतेचे पहिले पद्धतशीर वर्णन केले, तेव्हा त्यांनी अशा मुलांच्या आईवडिलांच्या अलिप्तपणाचाही उल्लेख केला होता. त्यातून पुढे ‘थंड’ आईची कल्पना रूढ झाली. शिकागो येथील ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात ती टोकास नेली. मुलास आईवडिलांपासून दूर, संस्थेत ठेवणे हाच त्यांच्या मते उपाय होता. अनेक मातांनी हा आरोप आयुष्यभर वाहिला. तो आता सर्वस्वी त्याज्य ठरला असून, कॅनर यांनी स्वतः १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत त्यांस दोषमुक्त केले. आईवर विश्वास टाकून तिच्याच हाती उपचार सोपविण्याची कल्पना ज्या काळात पुढे आली तो हा काळ होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे तिचे धाडस कळते.

या कल्पनेची पूर्वतयारी कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांच्या अनिर्देशित मानसचिकित्सेने केली. त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया ॲक्सलाइन (१९११–१९८८) यांनी ती मुलांना लागू करून १९४७ मध्ये क्रीडाचिकित्सेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलास खेळाची दिशा स्वतः ठरवू द्यावी, त्याच्या भावना ओळखून त्या त्यास शब्दांत परत कळवाव्यात, त्यास उपदेश वा घाई करू नये आणि उपचार वास्तवाशी जोडलेले राहण्यापुरतीच बंधने घालावीत, असे त्यांच्या तत्त्वांचे सार आहे. ॲक्सलाइन यांना पालकांचा सहभाग अपरिहार्य वाटत नव्हता; घर बदलले नाही, तरी मूल बदलू शकते, असे त्या मानीत. परंतु अर्थनिर्णयनाची गूढ विद्या बाजूस पडून ऐकणे, स्वीकारणे व मर्यादा घालणे ही कौशल्येच उपचाराचा गाभा ठरली, तेव्हा ती चिकित्सकापुरतीच का असावीत, हा प्रश्न ओघानेच आला.

डोरोथी बारूक यांनी १९४९ च्या सुमारास घरच्या घरी नियोजित खेळाची वेळ ठेवण्याची शिफारस केली. १९५७ मध्ये नॅटली फुक्स यांनी आपल्या लहान मुलीबरोबर घरी केलेल्या अशा खेळाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शौचाच्या सवयी लावताना मुलीच्या मनात निर्माण झालेला ताण त्यामुळे निवळला, असे त्यांनी नमूद केले आहे. फुक्स या रॉजर्स यांच्या कन्या होत. पित्याचे प्रोत्साहन व ॲक्सलाइन यांचे लेखन हा त्यांचा आधार होता. छोट्या हान्सच्या प्रकरणाशी याचे साम्य उघड आहे. येथेही पालक उपचार करतो आणि जाणकार दुरून सल्ला देतो. मात्र पन्नास वर्षांपूर्वीचा पिता प्रश्न विचारीत होता, ही आई जमिनीवर बसून खेळत होती.

या तुरळक प्रयोगांना पद्धतीचे रूप देण्याचे श्रेय बर्नार्ड गर्नी व लुईझ गर्नी या दांपत्याचे आहे. न्यू जर्सीतील रटगर्झ विद्यापीठात त्यांनी १९६० नंतर हे काम आरंभिले आणि १९६४ मध्ये बर्नार्ड गर्नी यांनी ‘फिलियल थेरपी’चे पहिले विवरण प्रसिद्ध केले. त्यांची मांडणी सरळ होती. मुलांच्या पुष्कळशा अडचणी पालकांच्या मनोविकृतीतून उद्‌भवत नाहीत. मुलाला समजून घेण्याचे ज्ञान व कौशल्य त्यांच्यापाशी नसते, एवढेच. ते शिकविता येते. शिवाय मुलाच्या दृष्टीने आईच्या एका शब्दाचे जे मोल आहे, ते आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या परक्या माणसाच्या शब्दास येणे कठीण. चिकित्सकाच्या खोलीत मिळविलेला बदल घरी नेऊन रुजवावा लागतो. आईच खोलीत असेल, तर तो तिच्याबरोबर घरी जातो. चिकित्सक फार थोडे आणि गरजू मुले फार, हा व्यावहारिक विचारही त्यामागे होता. चिकित्सकाकडे मुलाचा जीव जडला की आईच्या मनात उमटणारी असूया आणि अपराधाची टोचणी या पद्धतीत टळते, हे निरीक्षण मात्र त्या सर्वांत मार्मिक म्हटले पाहिजे.

प्रत्यक्ष पद्धत अशी होती. सहा ते आठ पालकांचा एक गट दर आठवड्यास भरे. आरंभी चिकित्सक एखाद्या मुलाशी खेळून दाखवी व पालक पाहत. मग पालक आळीपाळीने मुलाची व आईची भूमिका वठवून सराव करीत. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या मुलाबरोबर चिकित्सालयातच इतरांच्या नजरेखाली खेळावे आणि तयारी झाल्यावर घरी आठवड्यातून एकदा अर्धा तास ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खेळावे, असा क्रम असे. या खेळाची खेळणी वेगळी ठेवलेली असत: बाहुल्यांचे कुटुंब, हातबाहुल्या, चिकणमाती, रंगखडू, दुधाची बाटली, खोटी सुरी, ठोसे मारले तरी पुन्हा उभी राहणारी हवेची बाहुली इत्यादी. त्यांत राग काढण्याजोगी व लहान बाळ होण्याजोगी, अशा दोन्ही प्रकारांची खेळणी असावीत यावर कटाक्ष होता. आपल्याकडील भातुकलीची भांडी व कापडी बाहुल्या या कामी तितक्याच उपयोगी पडतील. खेळाचे स्वरूप मुलाने ठरवावयाचे असते. पालकाने प्रश्न विचारावयाचे नाहीत, शिकवावयाचे नाही, शाबासकी देऊन वा रागावून खेळ वळवावयाचा नाही.

हे दिसते तितके सोपे नाही. समजा, धाकटे भावंड झालेल्या एखाद्या चार वर्षांच्या मुलीने बाहुलीच्या कुटुंबातील तान्हे बाळ उचलून वाळूत पुरले. आईच्या तोंडी स्वाभाविकपणे येते ते, “असं करू नये हं, बाळ आपलं आहे ना?” त्याऐवजी तिने शिकलेले असते ते, “बाळ अगदी दिसेनासं व्हावं, असं वाटतंय तुला.” मुलीने मग आईलाच खेळण्याने मारावयास हात उगारला, तर “तुला माझा राग आलाय. पण मला मारायचं नाही, त्या हवेच्या बाहुलीला मार,” असे म्हणावयाचे. भावना नाकारावयाची नाही आणि मर्यादा सोडावयाची नाही, या दोन गोष्टी एकाच वाक्यात सांभाळणे हेच या शिक्षणाचे सर्वांत अवघड अंग आहे. आपला मत्सर आईने ओळखला आणि तरीही ती आपलीच राहिली, हा अनुभव मुलीस मिळतो. तिकडे आईलाही, ज्या वर्तनास ती हट्ट म्हणत होती त्यामागील भीती दिसू लागते. नाते दृढ होते ते या दुहेरी ओळखीमुळे. आठवड्यातील अर्ध्या तासाचा परिणाम उरलेल्या दिवसांवर कसा होतो, याचे स्पष्टीकरणही यातच आहे, कारण एकदा दिसलेली भीती आईला पुढे जेवताना-झोपवतानाही दिसत राहते.

अशा भूमिका सामान्य आयांना वठविता येतील काय, याविषयी व्यावसायिकांना शंका होती. लिलियन स्टोव्हर व बर्नार्ड गर्नी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिकविलेल्या माता न शिकविलेल्या मातांपेक्षा मुलाच्या भावना अधिक वेळा शब्दांत परत कळवितात व हुकूम कमी सोडतात, असे आढळून आले. १९७१ च्या त्यांच्या मोठ्या अहवालात ५१ माता व मुले यांची पाहणी असून मुलांत सुधारणा नोंदविली आहे. परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची उणीव होय. आरंभीच्या गटांत केवळ माताच होत्या. वडिलांचा समावेश सावकाश झाला आणि आजही या विषयावरील संशोधनात वडिलांची संख्या तोकडीच दिसते.

गर्नींच्या मूळ क्रमास अनेक महिने लागत. टेक्ससमधील डेंटन येथील विद्यापीठात गॅरी लँड्रेथ यांनी तो दहा आठवड्यांच्या बैठकांत बसविला. सू ब्रॅटन यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये त्याची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. नोकरी-व्यवसायातील पालकांना हा संक्षिप्त क्रम सोयीचा ठरल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. ब्रॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये क्रीडाचिकित्सेवरील ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिक्षण दिलेल्या पालकांनी केलेल्या उपचारांचा परिणाम व्यावसायिकांनी केलेल्या उपचारांपेक्षा अधिक असल्याचे त्यात दिसून आले. हा आढावा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी घेतलेला आहे आणि त्यातील अनेक अभ्यास लहान होते, हे विसरता येत नाही. तरीही पालक हा दुय्यम प्रतीचा उपचारक असणार, ही जुनी धारणा त्याने मोडीत काढली.

दरम्यान अन्य दोन दिशांनीही पालक व खेळ एकत्र आले होते. ॲन जर्नबर्ग यांनी १९६७ नंतर शिकागोतील ‘हेड स्टार्ट’ या पूर्वप्राथमिक योजनेतील मुलांसाठी ‘थेराप्ले’ ही पद्धत घडविली. तान्ह्या बाळाशी आई जसे खेळते, तसे लपाछपी, टाळ्या, डोलणे, भरविणे यांसारखे खेळ तीत मोठ्या मुलांशीही खेळले जातात. खेळण्यांना तीत फारसे स्थान नाही आणि खेळाची सूत्रे प्रौढाच्या हाती असतात. दुसरी दिशा वर्तनवादाची. ऑरेगन येथील कॉन्स्टन्स हॅन्फ यांच्या १९६९ च्या कामावर आधारून शीला आयबर्ग यांनी ‘पालक-बाल आंतरक्रिया चिकित्सा’ विकसित केली. तीत चिकित्सक एका बाजूनेच पारदर्शक असलेल्या काचेआड बसून पालकाच्या कानातील छोट्या यंत्राद्वारे त्यास खेळ चालू असतानाच सूचना देतो. पहिल्या टप्प्यात मुलाच्या कलाने खेळावयाचे व दुसऱ्यात शांतपणे आज्ञा देऊन ती पाळवून घ्यावयाची असते. येथे नेमकी स्तुती करण्यावर भर आहे. गर्नींना स्तुतीही मुलास वळविणारी वाटे. दोन्ही पंथांतील हा मतभेद मूलभूत असून तो मिटलेला नाही. पालकाची प्रगतीही या पद्धतीत मोजून पाहतात: पाच मिनिटांच्या खेळात प्रश्न, हुकूम व टीका मिळून तीनांहून अधिक होता कामा नयेत. घरी प्रयोग करून पाहणाऱ्या कोणाही पालकास ही मर्यादा किती कडक आहे, हे तत्काळ कळेल.

याच पद्धतीचा सर्वांत कठोर कस लागला तो मुलांना मारहाण केलेल्या पालकांच्या बाबतीत. मार्क चॅफिन व सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा ११० पालकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया विभागणी करण्यात आली. सरासरी ८५० दिवसांनंतर मारहाणीची पुन्हा नोंद झालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या सामुदायिक पालकवर्गात ४९ टक्के, तर या चिकित्सेच्या गटात १९ टक्के होते. ज्या पालकांपासून मुलास तोडणे हाच एक मार्ग समजला जाई, त्यांपैकी अनेकांना मुलाबरोबर राहू देता येईल, असा याचा अर्थ होतो. तो सरसकट सर्वांना लागू नाही. लैंगिक अत्याचार करणाऱ्या पालकाच्या हाती ही साधने देणे धोक्याचे आहे, आणि तीव्र मनोविकाराने वा व्यसनाने ग्रासलेल्या पालकास आधी स्वतःच्या उपचारांची गरज असते. घरात प्रत्यक्ष हिंसा चालू असताना मुलास भावना मोकळ्या करावयास शिकविणे म्हणजे त्यास अधिक असुरक्षित करणेही ठरू शकते.

संस्कृतिभेदाचा प्रश्नही उपस्थित झाला. भावना उघडपणे बोलून दाखविणे व खेळाचे नेतृत्व मुलाकडे देणे ही मूल्ये अमेरिकन मध्यमवर्गाची आहेत, असा आक्षेप घेण्यात आला. त्याचा पडताळा पाहण्यासाठी लँड्रेथ व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये चिनी वंशाच्या आणि २००० मध्ये अमेरिकन इंडियन पालकांबरोबर केलेले अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांचे निष्कर्ष एकंदरीत अनुकूल आहेत. जेथे मूल दिवसभर आजी-आजोबा वा काकू यांच्या सहवासात असते, अशा आपल्याकडील घरांत मात्र ‘पालक’ कोणास म्हणावे, येथूनच विचारास आरंभ करावा लागेल. केवळ आईस शिकवून भागणार नाही.

दत्तक व संगोपनकर्ते पालक आणि शिक्षक यांच्यासाठीही या पद्धतीची रूपे पुढे तयार झाली. लँड्रेथ व ॲलन लोबॉ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तुरुंगातील ३२ पित्यांविषयी आहे. ज्यांना शिक्षण मिळाले, त्यांनी मुलांच्या भेटीच्या वेळेतच दर आठवड्यास खेळ घेतला. मुलाचा स्वीकार करण्याची त्यांची वृत्ती वाढली व पालकत्वाचा ताण कमी झाला, असे आढळले. २०२० च्या महासाथीत चिकित्सालये बंद पडली, तेव्हा अनेक ठिकाणी चिकित्सक संगणकाच्या पडद्यावरून घरातील खेळ पाहू लागले व पालकाच्या कानात सूचना देऊ लागले. यासाठी ना खेळाची वेगळी खोली लागली, ना एका बाजूची काच. खेळणीही बहुधा मुलाच्या घरचीच होती.